शोध आपल्या माणसाचा, भट्टी परक्याची

(गारखेडा परिसरातील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गारखेड्याच्या दक्षिण अंगाने जाणाऱ्या लोहमार्गावरून आज वंदे भारत गाडी धावते. ३० डिसेंबर २०२३ रोजी ती जालना ते मुंबई अशी सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिचा प्रवास नांदेडपर्यंत वाढला. या गाडीला वेगळे इंजिन नाही. डब्यांच्या पोटाखाली बसवलेल्या मोटारीच तिला नेतात. वरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह येतो. रोहित्र त्याचा दाब उतरवते, मग तो डीसी केला जातो आणि शेवटी त्याचे पुन्हा तीन फेजच्या एसी प्रवाहात रूपांतर होऊन तो मोटारींपर्यंत पोहोचतो. वेग वाढवायचा असेल तर या शेवटच्या प्रवाहाची वारंवारिता वाढवायची. गाडी थांबवताना त्याच मोटारी जनित्र होतात आणि वीज तारेला परत देतात.

हा सारा व्यवहार ज्यांच्या जोरावर चालतो, ती साधने नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांची असतात. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा ती प्रवाह सोडतात आणि तोडतात. त्यांचे नाव इन्सुलेटेड गेट बायपोलर ट्रान्झिस्टर, संक्षेपाने आयजीबीटी. जायकवाडीच्या धरणाचे अवजड दार एका कळीवर उघडावे आणि मिटावे, तसे या साधनाचे काम आहे. त्याच्या दाराला जवळजवळ काहीच प्रवाह लागत नाही, परंतु त्या दारातून शेकडो अँपिअरचा लोंढा वाहतो.

या साधनाच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, ते शास्त्रज्ञ भारतीय आहेत. बंटवाळ जयंत बालिगा यांचा जन्म १९४८ साली मद्रासला झाला आणि बालपण बेंगळुरूच्या जलहळ्ळी भागात गेले. १९६९ साली ते मद्रासच्या आयआयटीतून अभियंता होऊन बाहेर पडले. अमेरिकेत १९७४ साली डॉक्टरेट मिळवल्यावर ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील संशोधनशाळेत दाखल झाले. त्या काळी मोठा प्रवाह हाताळणाऱ्या ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार होते. एकात प्रवाह भरपूर वाहत असे, पण त्याला चालू ठेवण्यासाठीच बराच प्रवाह खर्ची पडे. दुसरा, म्हणजे मॉसफेट, चालवायला अगदी हलका. पण व्होल्टेज वाढले की त्याचा अंतर्गत विरोध झपाट्याने वाढे. बालिगा यांनी दोघांचे गुण एका देहात आणले. डिसेंबर १९८२ मध्ये हे काम अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले गेले. पुढे २०१४ साली आयईईईचे मेडल ऑफ ऑनर आणि २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला.

येथवरची हकीकत ऐकून ऊर भरून येतो, आणि बहुतेक लेख येथेच थांबतात. परंतु या कथेतील खरा बोध पुढेच आहे. बालिगा यांना आपली कल्पना तपासण्यासाठी नवा कारखाना उभारावा लागला नाही. कंपनीत पॉवर मॉसफेट बनवणारी उत्पादनरेषा आधीच चालू होती. त्याच रेषेवर हे नवे साधन तयार झाले. भट्टी तापलेली होती, हात सरावलेले होते, म्हणून कल्पनेला थोड्या काळात देह मिळाला.

पुढली अडचणही भट्टीपाशीच सुटली. हे साधन बंद व्हायला वेळ घेत असे. सिलिकॉनमध्ये साठलेले विद्युतभार लवकर विरावेत म्हणून त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करण्याची रीत ठाऊक होती. पण त्या माऱ्याने दाराचा नाजूक ऑक्साइड थर बिघडत असे. मारा केल्यानंतर तुकडा मोजक्या उष्णतेवर तापवला, तर ऑक्साइडची इजा भरून निघते आणि सिलिकॉनमधील हवा तो परिणाम मात्र टिकतो, असे प्रयोगान्ती आढळले. ही गोष्ट कागदावरच्या आकडेमोडीने कळत नाही. हजार वेळा तापवणाऱ्यालाच ती कळते.

आणि ज्याने भट्टी सोडली, त्याच्या हातून शोधाचे फळही निसटले. जनरल इलेक्ट्रिकने १९८८ साली आपला अर्धवाहकांचा व्यवसाय विकून टाकला. बालिगा त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. जपानमधील तोशिबाने १९८०च्या दशकाच्या मध्यास या साधनाची मोठी खोड दूर केली होती. एकदा चालू झाले की ते कधीकधी बंदच होत नसे. मित्सुबिशी, फुजी आणि जर्मनीच्या सीमेन्सने दशकानुदशके नेटाने काम केले. सीमेन्सच्याच अर्धवाहक शाखेतून पुढे इन्फिनिऑन ही कंपनी निघाली. आज जगाची बाजारपेठ प्रामुख्याने अशाच चिकाटीच्या मंडळींकडे आहे.

मग ही विद्या आहे तरी कशी? संगणकाची चिप आणि शक्तीचा ट्रान्झिस्टर ही एकाच कुळातील भावंडे, पण त्यांचा स्वभाव वेगळा. संगणकाच्या चिपमध्ये सारा खेळ पृष्ठभागावर, आणि स्पर्धा बारकाईची. शक्तीच्या ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह वरून खाली, चकतीच्या आरपार जातो. तेथे कस लागतो तो खोलीचा, शुद्धतेचा आणि उष्णता सोसण्याचा.

पहिली पायरी स्फटिकाची. वाळूतील गारगोटीपासून मिळालेले सिलिकॉन रासायनिक प्रक्रियेने अतिशुद्ध करतात. सामान्य चिपसाठी ते क्वार्ट्झच्या मुशीत वितळवून त्यातून स्फटिकाची कांडी ओढून काढतात. त्यात मुशीतला ऑक्सिजन उतरतो. उच्च दाबाच्या साधनाला तेही चालत नाही. म्हणून कांडी उभी धरून, कशालाही स्पर्श न होऊ देता, तिचा एकेक अरुंद पट्टा वितळवत नेतात. मळ त्या वितळलेल्या पट्ट्याबरोबर टोकाकडे सरकतो. १२०० व्होल्टच्या साधनात सिलिकॉनच्या साधारण पन्नास कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एखादा अणू असावा लागतो, आणि तोही सर्वत्र समप्रमाणात. यासाठी काही देशांत कांडी थेट अणुभट्टीत ठेवतात. सिलिकॉनच्या शंभर अणूंपैकी सुमारे तीन अणू वजनाने जरा जड असतात. त्यांपैकी काहींनी न्यूट्रॉन गिळला की त्यांचे फॉस्फरसमध्ये रूपांतर होते. मिसळणीचा पदार्थ बाहेरून घालावाच लागत नाही.

दुसरी पायरी दाराची. कांडीच्या पातळ चकत्या कापून, आरशासारख्या घासून, सुमारे १,००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ऑक्सिजनच्या सान्निध्यात ठेवल्या की त्यांवर काचेसारखा ऑक्साइडचा थर धरतो. प्रकाशाच्या साह्याने त्यावर आकृती उमटवतात, उघड्या जागी बोरॉन आणि फॉस्फरसचे आयन वेगाने मारतात, मग उष्णतेने त्यांना आत झिरपू देतात. येथे एक सुंदर युक्ती आहे. एकाच खिडकीतून आधी बोरॉन आणि नंतर दुसरे द्रव्य झिरपवले, तर बोरॉन थोडे अधिक दूर पोहोचते. या दोन झिरपण्यांमधील अंतर हाच प्रवाहाचा मार्ग ठरतो. हजारो कोटींच्या छपाईयंत्राने जी बारकाई साधायची, ती येथे उष्णता आणि वेळ यांच्या हिशेबाने साधते. अशा हजारो सूक्ष्म पेशी एका तुकड्यावर शेजारी शेजारी नांदतात. त्यातील एक जरी सदोष निघाली, तरी सारा तुकडा टाकून द्यावा लागतो.

तिसरी पायरी पाठीची. चकती सुरुवातीला सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असते. पुढली बाजू पूर्ण झाल्यावर ती उलटी करून घासतात. १२०० व्होल्टच्या आयजीबीटीची जाडी अखेरीस सुमारे १२० मायक्रोमीटर, म्हणजे दोन केसांच्या आसपास उरते. थर जाड राहिला तर वीज वाया जाते, पातळ झाला तर दाब सोसवत नाही. एवढी पातळ चकती कागदासारखी वाकते आणि काचेसारखी फुटते. तिच्या पाठीवर पुन्हा आयन मारून ते तापवायचे, तर पुढच्या बाजूचे ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते. म्हणून लेसरच्या क्षणभराच्या झोताने फक्त पाठच तापवतात.

शेवटी बांधणी. तयार तुकडे तांबे चढवलेल्या चिनी मातीसारख्या पट्टीवर डाखतात आणि ॲल्युमिनिअमच्या जाड तारांनी जोडतात. गाडी थांबते, चालते. तुकडा तापतो, निवतो. ॲल्युमिनिअम सिलिकॉनच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावते, त्यामुळे दर वेळी सांध्याला ओढ बसते. रेल्वेच्या साधनाने हे वर्षानुवर्षे सोसावे लागते. सांधा टिकेल की नाही, हे पोथीत वाचून सांगता येत नाही. त्यासाठी तो सांधा हजारो वेळा तापवून, निववून आणि मोडून पाहावा लागतो.

अलीकडे सिलिकॉनच्या जोडीला सिलिकॉन कार्बाइड आले आहे. ते सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युतक्षेत्र सोसते, म्हणून तेवढ्याच दाबासाठी थर खूप पातळ पुरतो आणि विजेची बचत होते. मात्र त्याचा स्फटिक २,००० अंशांहून अधिक उष्णतेत, वाफेतून, अतिशय संथ गतीने वाढवावा लागतो. आणि कठीणपणात ते हिऱ्याच्या जवळ जाते, त्यामुळे कापणे आणि घासणेही जिकिरीचे.

या क्षेत्रात भारत अगदीच कोरा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिंद रेक्टिफायर्स ही कंपनी १९५८ साली मुंबईत स्थापन झाली. दिल्लीच्या कॉन्टिनेंटल डिव्हाइस इंडियाने १९६४ पासून सिलिकॉनची साधने बनवली. १९९९ साली चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची, १,५०० मेगावॉट क्षमतेची उच्चदाब डीसी वाहिनी सुरू झाली. विदर्भाच्या कोळशाची वीज मुंबईच्या उंबरठ्याशी आणणाऱ्या या वाहिनीच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर, म्हणजे आयजीबीटीचेच वडीलधारे भाऊबंद, पहारा देतात. एबीबीच्या जोडीने भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने ते काम केले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ पासून चिप बनू लागल्या होत्या. फेब्रुवारी १९८९ मधील आगीने तो कारखाना भस्मसात केला. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण मधली वर्षे परत आली नाहीत. या विद्येत खंड पडला की तोटा केवळ यंत्रांचा होत नाही. सरावलेले हात पांगतात.

आता वारे बदलू लागले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या चार प्रकल्पांपैकी दोन याच विषयाचे आहेत. एक भुवनेश्वरचा सिलिकॉन कार्बाइडचा, वर्षाला ६०,००० चकत्यांच्या नियोजित क्षमतेचा. दुसरा मोहालीत कॉन्टिनेंटल डिव्हाइसचा विस्तार, ज्यात मॉसफेट आणि आयजीबीटी बनणार आहेत. शक्तीच्या ट्रान्झिस्टरसाठी अत्याधुनिक संगणकचिपसारखी दोन-तीन नॅनोमीटरची शर्यत धावावी लागत नाही. उशिरा निघालेल्यालाही या वाटेवर जागा आहे. मात्र ही जागा भाषणांनी मिळत नाही, वीस-पंचवीस वर्षे भट्टी विझू न देण्याने मिळते.

आणि हा प्रश्न दूरच्या भुवनेश्वरचा किंवा मोहालीचा नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांवर गारखेड्यातील कितीतरी घरांच्या चुली पेटतात. २०२४ साली एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी आपल्या वाहनप्रकल्पांसाठी छत्रपती संभाजीनगर परिसराची निवड केल्याचे जाहीर झाले. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वाहनात बॅटरीचा डीसी प्रवाह मोटारीला मानवेल असा करण्याचे काम याच ट्रान्झिस्टरांचे. सांगाडा येथे घडेल, रंग येथे लागेल, चाके येथे बसतील; आणि वाहनाच्या काळजातला तुकडा मात्र दूरदेशीच्या भट्टीतून येईल, तर मोलाचा मोठा वाटाही त्याच भट्टीकडे जाईल. टंचाई आली की येथली साखळी थांबेल. २०२१ साली चिपच्या तुटवड्याने वाहनांचे कारखाने कसे अडखळले, हे जगाने पाहिले आहे.

यावर एकाच दिवसात उपाय होणार नाही. सगळ्यांनी चकत्यांचे कारखाने काढावेत, असेही नाही. पण या साखळीत अनेक कड्या आहेत. तयार तुकड्यांची बांधणी, उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या, तापवून-निववून घ्यायच्या चाचण्या, सदोष साधन उघडून त्याच्या मरणाचे कारण शोधणे, ही कामे वाहनांचे सुटे भाग घडवणाऱ्या या शहराच्या प्रकृतीला मानवणारी आहेत. विद्यापीठाच्या परिसरात नायलिट ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे; १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उद्योजकांनी त्यांच्या दारात आपल्या अडचणी घेऊन जावे, आणि त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तकाबरोबर डाखणीही द्यावी.

शेवटचा शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. मुलगा किंवा मुलगी पदार्थविज्ञान, धातुशास्त्र किंवा रसायनशास्त्राकडे वळू पाहत असेल, तर "त्यात पुढे काय?" या प्रश्नाने त्यांचे पाऊल अडवू नये. संगणकापुढील नोकरीत पहिल्या वर्षीच पगार दिसतो. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याला दहा वर्षे शिकावे लागते, आणि त्याचे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. बालिगांसारखी बुद्धी या देशात पूर्वीही जन्मली, पुढेही जन्मेल. तिला येथेच तापलेली भट्टी मिळेल का, याचे उत्तर मात्र अशा घरांतून ठरणार आहे.