हजेरीची वही

(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



आज आपल्या विठ्ठल-रखुमाईच्या मंदिरावर कळस चढला. जमा-खर्चाचा हिशोब विश्वस्तांनी दिलाच आहे. मी एका वेगळ्या हिशोबाविषयी दोन शब्द बोलणार आहे.

सन २०२० च्या मार्च महिन्यात करोनामुळे देवळे बंद झाली. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका ३० जूनला एस.टी.ने पंढरीस गेल्या. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढे दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला उघडली. पायी वारी सुरू झाली ती २०२२ साली.

देव काही देवळात कोंडलेला नसतो. मग आपले अडले काय? काकड्याला रोज येणारे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या घरी डोकावून येते. एकादशीच्या भजनात मृदंग वाजवणारा आला नाही, तर चौकशी होते. म्हणजे देऊळ हे न लिहिलेले हजेरीपत्रक आहे. दार बंद झाले तेव्हा ही हजेरी बंद पडली, आणि कोण कसे आहे हे कळण्याची वाट बुजली.

तेव्हा गावाने दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी सातला पुजारीबुवा एकटे घंटा वाजवीत आणि त्या घंटेवर घरोघर आपापल्या ओसरीवर हरिपाठ सुरू होई. पलीकडच्या ओसरीवरचा टाळ ऐकू आला की त्या घरी सर्व ठीक आहे असे समजे. दुसरी गोष्ट म्हणजे गल्लीतील तरुणांनी दहा-दहा घरे वाटून घेतली. औषध, दळण, किराणा यांची विचारपूस दाराबाहेरून किंवा फोनवरून होऊ लागली. अंत्यविधीस वीसच माणसांची मर्यादा होती. दुःखाच्या घरी जाता येत नव्हते, तेव्हा दहा दिवस रोज एका घराने फोन करायचा असे ठरले.

परंतु घरे वाटताना हाताशी होती ती वर्गणीची यादी. तिच्यात एकट्या राहणाऱ्या विधवा नव्हत्या, मेंढरे घेऊन फिरणारी कुटुंबे नव्हती, वीटभट्टीवर गेलेली घरे नव्हती. मुंबई-पुण्यात अडकलेल्यांचे जुने नंबर लागत नव्हते. कीर्तने मोबाईलवर येत होती, पण ज्या घरी एकच मोबाईल, तो मुलाच्या शाळेला लागे. ज्यांना विचारपुसीची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच घरे यादीबाहेर राहिली. शेवटी दारोदार फिरून नवी यादी करावी लागली. वर्गणीची पावती फाटली नाही म्हणून ते घर देवाला परके होत नाही, हे त्या यादीने गावाला शिकवले.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. मंदिरात एक गल्लीवार वही ठेवावी. तिच्यात गावातले प्रत्येक घर असावे, वर्गणी देणारे आणि न देणारेही. घरात एकटे वृद्ध कोण, बाहेरगावच्या मुलाचा नंबर कोणता, त्या घराची चौकशी कोणाकडे, एवढेच लिहावे. वही विश्वस्तांच्या ताब्यात कुलपात असावी, कारण घरची माहिती चव्हाट्यावर नको. कचेरीत कागदाशी रोज संबंध येतो, त्यावरून सांगतो की शिळी यादी असून नसल्यासारखी असते. तेव्हा दर आषाढीला आणि कार्तिकीला वही तपासावी. संकट साथीचेच येईल असे नाही, पूर येईल, दुष्काळ येईल. त्या वेळी वही शोधत बसायला नको.

शहरातून आलेल्या देणगीदारांना हात जोडून सांगतो, आपण सढळ हाताने दिलेत, गाव ऋणी आहे. आता महाप्रसाद घेऊन निघण्यापूर्वी आपला चालू नंबर लिहून द्या. आपले आईवडील इथे आहेत. त्यांचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचला पाहिजे.