एगा गावातला इंग्रज



अ‍ॅमेझॉनचं नाव निघालं की घनदाट अरण्य, मगरी आणि वाट चुकलेले प्रवासी डोळ्यांपुढे येतात. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो तरुणही त्याच अरण्यात गेला होता. पण त्याच्या आयुष्यातल्या बऱ्याचशा नवलाच्या गोष्टी घडल्या त्या एका लहानशा गावात, मातीच्या जमिनीच्या घरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोबतीनं आणि रोजच्या जेवणाची सोय लावता लावता. त्याचं नाव हेन्री वॉल्टर बेट्स. गावाचं नाव एगा. ब्राझीलच्या अ‍ॅमेझोनास राज्यातलं हे गाव आज टेफे म्हणून ओळखलं जातं.

बेट्सचा जन्म १८२५ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात झाला. घरचा धंदा मोजे-बनियनचा. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा त्याच धंद्यात उमेदवारीला लागला. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत काम. उरलेल्या वेळात रात्रीचे वर्ग आणि सुटीच्या दिवशी रानात किडे गोळा करणं. याच शहरात त्याला एक तरुण शिक्षक भेटला, आल्फ्रेड रसेल वॉलेस. दोघांनाही किड्यांचं वेड, आणि दोघांचाही खिसा रिकामा. अ‍ॅमेझॉनला जायचं, प्राणी-कीटक गोळा करायचे, लंडनमधल्या एजंटामार्फत जास्तीचे नमुने विकायचे आणि त्या पैशावर राहायचं, असा बेत ठरला. एप्रिल १८४८ मध्ये दोघं लिव्हरपूलहून निघाले आणि महिन्याभरानं पारा बंदरात, म्हणजे आजच्या बेलेममध्ये, उतरले. बेट्स तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वॉलेस रिओ नेग्रो नदीकडे वळला. बेट्सनं मार्च १८५०च्या अखेरीस बार्रा, म्हणजे आजचं मानाउस, सोडलं आणि सोलिमोएस नदीवरून शिडाच्या होडीनं पश्चिमेला निघाला. वाऱ्यानं साथ दिली तर पुढे, नाहीतर काठाला बांधून ठेवायचं, असा तो प्रवास. पाच आठवड्यांनी तो एगाला पोचला.

एका स्वच्छ पाण्याच्या सरोवराकाठी वसलेलं, शे-सव्वाशे घरांचं आणि सुमारे १,२०० वस्तीचं ते गाव. सतराव्या शतकात सॅम्युएल फ्रिट्झ नावाच्या जेझुइट पाद्र्यानं ते वसवलं होतं. बेट्स पहिल्यांदा तिथं वर्षभर राहिला, आणि १८५५ मध्ये परतला तो साडेतीन वर्षांसाठी. अकरा वर्षांच्या ब्राझीलमधल्या मुक्कामातली साडेचार वर्षं त्यानं या एका गावाला दिली. त्याच्या कामाचं मर्म या मुक्कामातच आहे. एखादा प्रवासी अरण्य ओलांडून जातो. बेट्स अरण्याच्या कडेला घर करून राहिला.

घर ऐसपैस आणि कोरडं होतं. मोठ्या खोलीत एक लांबलचक टेबल, हीच त्याची कार्यशाळा. पुस्तकं लाकडी खोक्यांत रचलेली. नमुने वाळवण्याचे पिंजरे वाशांना दोरीनं टांगलेले. मुंग्या दोरीवरून उतरून सगळं फस्त करतील म्हणून दोऱ्यांना कडू तेल चोपडलेलं, आणि उंदीर येऊ नयेत म्हणून दोरीच्या मध्यावर तुंब्याची अर्धी कवटी पालथी ओवलेली. हे एवढं केल्याशिवाय त्या हवेत एकही फुलपाखरू धड लंडनला पोचलं नसतं.

रानात जातानाचा आपला थाट त्यानं एका पत्रात वर्णन केला आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तो निघायचा. अंगात रंगीत शर्ट, साधे बूट, डोक्यावर जुनी फेल्टची टोपी. डाव्या खांद्यावर दुनळी बंदूक, एका नळीत बारीक छर्रे, दुसरीत जाड. उजव्या हातात फुलपाखरांची जाळी. एका बाजूला किड्यांच्या डबीची आणि दारूगोळ्याची चामडी पिशवी, दुसऱ्या बाजूला सरडे, साप, बेडूक लटकवायला वाद्या लावलेली लाल चामड्याची झोळी. शर्टाला टोचलेल्या गादीत सहा मापांच्या टाचण्या. गावकरी हे ध्यान रोज पाहत होते. फुलपाखरांच्या पंखांवरची नक्षी इंग्लंडमधल्या छापील कापडावर उतरवण्यासाठीच हा उद्योग चालला असणार, असा नदीकाठच्या काहींचा अंदाज होता. कापडाच्या व्यापाऱ्यांशीच व्यवहार असलेल्या माणसांचा तो तर्क अगदी वाजवी होता. आपला मुलूख पाहायला, त्याची थोरवी जाणायला इतक्या दुरून कुणी आलं आहे, याचं एगाच्या लोकांना कौतुकही होतं.

रोजचा मोठा प्रश्न मात्र जेवणाचा. गावात बाजार नव्हता. ज्याच्या घरी मासेमारी करणारे गडी होते त्याची चूल पेटायची. परक्या माणसाला घरोघर फिरून एखादी कोंबडी किंवा मासा मिळतो का ते पाहावं लागे. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कसावा कंदापासून होतो, त्याच कंदाचा भाजलेला रवा, ‘फारिन्या’, हा तिथला रोजचा आधार. आणि मांस म्हणाल तर कासवाचं. बहुतेक घरांच्या मागं कुंपण घातलेलं पाण्याचं डबकं असे आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी त्यात मोठाली नदीकासवं सोडलेली असत. आतड्यांचं सूप कासवाच्याच पाठीच्या ढालीत शिजे, छातीचं मांस फारिन्यासह भाजलं जाई, पोटाच्या जाड पिशवीत खिमा भरून सॉसेज होई. सुरुवातीला बेट्सला हे सगळं फार रुचकर लागलं. दोन वर्षांनी त्याला त्याचा वासही सहन होईना, मग भूक काढावी लागली तरी बेहत्तर.

कासवांच्या अंड्यांचा हंगाम पाहायला तो गावातल्या कार्दोझो नावाच्या स्नेह्याबरोबर वाळूच्या किनाऱ्यांवर गेला. तिथं सगळं शिस्तीत चाले. गावानं नेमलेला एक प्रमुख कासवांनी अंडी घातलेल्या किनाऱ्यावर पहारा बसवायचा. उकरण्याच्या दिवशी आलेल्या कुटुंबांची नावं लिहिली जायची, पहाऱ्याच्या खर्चासाठी माणशी ठरावीक रक्कम घेतली जायची. कातुआच्या किनाऱ्यावर सुमारे ४०० माणसं जमली होती. सगळे हातात वल्हं घेऊन गोल उभे राहिले, ढोल वाजला आणि एकाच वेळी वाळू उपसायला सुरुवात झाली. अंडी रिकाम्या होड्यांत टाकून तुडवली जात, वर पाणी घालून उन्हात ठेवली जात, आणि तरंगून आलेलं तेल शिंपल्यांनी काढून घेतलं जाई. दिव्याला आणि मासे तळायला तेच तेल. बेट्सनं हिशेब मांडला : अ‍ॅमेझॉनच्या वरच्या भागात आणि मादेरा नदीवर मिळून वर्षाला ८,००० भांडी तेल निघतं, एका भांड्याला ६,००० अंडी लागतात, म्हणजे दर वर्षी ४ कोटी ८० लाख अंडी नष्ट होतात. कासवं कमी होत चालली आहेत असं म्हातारी माणसं सांगत, आणि या आकड्यातून त्यांचं म्हणणं पटत होतं. याच सफरीत एका रात्री सगळे आगीभोवती हॅमॉकमध्ये झोपले असताना एक मोठी मगर त्यांच्या खालून सरपटत छोट्या कुत्र्याच्या दिशेनं निघाली. कार्दोझो ओरडला, सगळ्यांनी जळती लाकडं फेकली आणि मगर पाण्यात परतली.

एगातलं पहिलं वर्ष हलाखीचं गेलं. बारा महिने इंग्लंडहून ना पत्र, ना पैसे. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, बूट संपले आणि त्या रानात अनवाणी फिरायची पाळी आली. नोकर पळाला, जवळची तांब्याची नाणी चोरीला गेली. वाचायला काही उरलं नव्हतं. लंडनच्या ‘अथिनियम’ साप्ताहिकाचे जुने अंक त्यानं तीनदा वाचले : आधी आवडीचे लेख, मग उरलेले सगळे लेख, आणि शेवटी पहिल्यापासून अखेरपर्यंत जाहिराती. निसर्ग कितीही भव्य असला तरी माणसाचं मन केवळ त्यावर भरत नाही, हे त्यानं पुढे मोकळेपणानं लिहून ठेवलं.

या एकटेपणात सोबतीला आला एक टूकन पक्षी. भुकेनं इतका गळालेला की बेट्सनं त्याला हातानं धरून घरी आणलं. थोड्याच दिवसांत तो तरतरीत झाला, घरभर मोकळा फिरू लागला आणि जेवणाच्या वेळेला न चुकता टेबलापाशी हजर राहू लागला. मांस, मासे, फारिन्या, फळं, सगळं त्याला चाले. एकदा तो नाहीसा झाला. दोन दिवसांनी बरोबर जेवणाच्या वेळी उघड्या दारातून ऐटीत चालत आत आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी त्याला पळवून कोंडून ठेवलं होतं. तिथून सुटून त्यानं आपलं घर शोधून काढलं होतं.

गावाची दुसरी बाजूही बेट्सनं लपवली नाही. आदिवासींना गुलाम करायला कायद्यानं बंदी होती, तरी जापुरा नदीवरचे व्यापारी टोळ्यांमधली पकडलेली मुलं आणून विकत आणि अधिकारी काणाडोळा करत. अशीच दोन मुलं, एक मुलगा आणि ओरिया नावाची मुलगी, बेट्सच्या घरी आली. दोघंही हाडांचे सापळे झालेली. ओरिया सतत हसणारी, बोलकी. तिला हिवताप झाला. शेवटच्या आठवड्यात रात्री पडल्या पडल्या ती आपल्या मुलखात सवंगड्यांकडून शिकलेली गाणी म्हणत राही. ती गेली तेव्हा तिला तलम कापडाचा झगा आणि फुलांचा मुकुट घालण्यात आला. गुलाम मुलांच्या वाट्याला असा मान येत नसे, पण स्वतंत्र घरातल्या मुलांना मिळतो तसाच अंत्यविधी तिचा झाला पाहिजे, हा बेट्सचा आग्रह होता. अशी कितीतरी मुलं एगात आणि एगाच्या वाटेवर बेवारशासारखी मरतात, हेही त्यानं स्वच्छ लिहिलं.

आणि रोज पायाखाली रान होतं. घरापासून दहा मिनिटांच्या चालीत त्याला पॅपिलिओ वंशाच्या फुलपाखरांच्या १८ जाती मिळाल्या. एगाच्या परिसरात फुलपाखरांच्याच ५५० जाती, आणि सगळे कीटक मिळून ७,००० वर. त्यांतल्या ३,००० विज्ञानाला नव्या. इथंच त्यानं लष्करी मुंग्यांचा पाठपुरावा केला. मुंग्यांच्या फौजेपुढे किडे खाणाऱ्या पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू आला की बरोबरचा स्थानिक माणूस ‘ताउओका!’, म्हणजे लष्करी मुंग्या, असं ओरडून रांगेच्या शेपटाकडे धावत सुटे, आणि बेट्सही त्याच्यामागं पळे. त्या पळापळीनंतर परत येऊन त्यानं या मुंग्यांच्या जाती वेगळ्या ओळखल्या; दृष्टी नसलेल्या जाती मातीचे झाकलेले बोगदे बांधून त्यातून चालतात, हे नोंदवलं.

एकाच पायवाटेवर पुन्हापुन्हा फिरणाऱ्यालाच एक गोष्ट दिसली. रंगीबेरंगी, संथ उडणाऱ्या हेलिकोनिड फुलपाखरांच्या थव्यांना पक्षी त्रास देत नसत. त्या थव्यांत हुबेहूब तशीच, पण वेगळ्याच कुळातली लेप्टालिस फुलपाखरं अधूनमधून सापडत. उडताना दोन्ही इतकी सारखी की पकडेपर्यंत बेट्सलाही फरक कळत नसे. दुसऱ्या गावी गेलं की थव्याचा रंग बदले, आणि नकलाकाराचाही बदले. बेट्सनं अर्थ लावला : हेलिकोनिड पक्ष्यांना बेचव लागतात, आणि त्यांच्यासारखी दिसणारी फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या जास्त वाचत गेली. नोव्हेंबर १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत हा निबंध वाचला गेला. डार्विनच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताला मिळालेला हा भक्कम पुरावा होता; अशी नक्कल आज ‘बेट्सियन मिमिक्री’ म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रातही ती बघायला मिळते. आपल्या बागेत कडीपत्त्यावर येणाऱ्या कॉमन मॉर्मनची मादी कितीदा विषारी कॉमन रोझ फुलपाखराचं रूप घेऊन हिंडते.

हिवतापानं खंगलेल्या बेट्सनं फेब्रुवारी १८५९ मध्ये एगा सोडलं. त्यानं जमवलेल्या १४,७१२ जातींपैकी सुमारे ८,००० विज्ञानाला नव्या होत्या. अकरा वर्षांच्या कष्टांची निव्वळ कमाई मात्र सुमारे ८०० पौंडच. डार्विनच्या आग्रहावरून त्यानं लिहिलेलं ‘द नॅचरलिस्ट ऑन द रिव्हर अ‍ॅमेझॉन्स’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि एगाच्या लोकांचं रोजचं जगणं जगभरच्या वाचकांपर्यंत पोचलं.

त्या पुस्तकात लाल तोंडाच्या, पांढऱ्या केसांच्या उआकारी माकडाचं वर्णन आहे. शिकारी त्याला सौम्य केलेल्या विषाच्या बाणानं फुंकणीतून टिपत, ते झाडावरून खाली येताच झेलत आणि तोंडात चिमूटभर मीठ घालून शुद्धीवर आणत, असं बेट्सनं लिहून ठेवलं. १९८०च्या दशकात जोसे मार्सियो आयरेस या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानं याच माकडाचा टेफेजवळच्या पूरजंगलात अभ्यास केला. त्याच्या खटपटीतून मामिरावाचं संरक्षित क्षेत्र उभं राहिलं, आणि १९९६ मध्ये तिथल्या गावकऱ्यांना राहण्याचा व मासेमारीचा हक्क देणारी नवी व्यवस्था लागू झाली. आज या क्षेत्राचं काम पाहणाऱ्या मामिरावा संस्थेचं मुख्य केंद्र टेफेतच आहे. त्या संरक्षित क्षेत्रात दोन-तीन मीटर लांबीचा पिरारुकू मासा श्वास घ्यायला पाण्यावर येतो, तेव्हा अनुभवी कोळी होडीत बसून त्याची मोजदाद करतात, आणि त्यांच्या मोजणीवरूनच त्या वर्षी किती मासे धरायचे ते ठरतं.