पिकानं बांधलेलं घर



बीड जिल्ह्यातल्या या कपिलधारेला मी पहिल्यांदा आलो तो आजोबांच्या बैलगाडीतून, कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला. मन्मथस्वामींच्या समाधीपुढे टेकवलेलं डोकं आठवतं, धारेचं गार पाणी आठवतं. त्याहून जास्त आठवतो तो परतीचा मुक्काम, बालाघाटच्या माळावर एका पाहुण्याच्या आखाड्यावर. बैलांचा कोठा, शेजारी कडब्याची गंजी, पुढे सारवलेलं खळं आणि मधोमध रोवलेली मेढ. आपण ज्याला शेतघर म्हणतो ते एवढंच असे. पण त्यातली एकही वस्तू विनाकारण नव्हती.

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या भागातलं शेतकऱ्याचं घर आधी पिकानं बांधलं, मग गवंड्यानं.

माळवदाकडे बघा. खांबाखाली दगडाचं उथळं, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर निंबाचा पाला नाहीतर तुराट्या आणि वर हातभर माती. ही माती काळ्या रानातली चालत नाही, ती भेगाळते. लागते ती गावठाणातली पांढरी, शेकडो वर्षं माणसं जिथं राहिली तिथली. ती दाबून बसवली की पाणी सहसा आत येऊ देत नाही. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पावसाच्या मुलखात हे छप्पर पुरतं. कोकणात ते एक आषाढ टिकणार नाही. घर केवढं, असं विचारलं तर उत्तर फुटांत येत नसे, ‘पाच खणांचं’ असं येई. आणि खण केवढा, हे बांधावरच्या झाडानं ठरवलं. बाभळीचं सरळ लाकूड मिळून मिळणार किती लांब? ज्याला सागवान परवडलं त्याचा खण रुंद झाला. खांबांमधलं अंतर मोजलं की त्या घराची ऐपत कळते.

आता पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यासमोरचं पेव श्रावणात उघडलं, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. आजोबांनी आम्हा पोरांना लांब उभं केलं. दगडी झाकण सरकवलं आणि कुणालाही वाकू दिलं नाही. बऱ्याच वेळानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. वात विझली. पुन्हा थांबले, पुन्हा सोडला, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा ती तेवत राहिली तेव्हाच गडी आत उतरला. बंद पेवात ज्वारी श्वास घेते, प्राणवायू संपवते. त्या हवेत किडा जगत नाही आणि माणूसही जगत नाही. कडेला लावलेल्या कडब्याजवळची ज्वारी काळवंडली होती, मधली शाबूत होती. तिच्या भाकरीला एक आंबूस वास येई. आजी म्हणायची, पेवाचा वास आला म्हणजे घरात अजून दाणा आहे.

इंग्लंडमध्ये ग्रेट कॉक्सवेल इथं तेराव्या शतकाच्या अखेरीचं दगडी धान्यकोठार उभं आहे. नॅशनल ट्रस्ट ते जपतो, लोक लांबून बघायला येतात. आपलं कोठार जमिनीखाली गेलं, नाहीतर वाड्याच्या भिंतीत बळद होऊन लपलं. जे दिसत नाही त्याची नोंद कोण घेणार? बीडहून इकडे येताना निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर लागते. तिचंही मोठेपण जमिनीखालीच आहे: भुयारी पाटांनी पाणी मोटेवाचून रानात जातं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती म्हणून त्यांचं नाव तरी झालं. आमच्या ज्वारीच्या पेवांवर आज सिमेंटचे रस्ते आहेत.

माळवदाचा विषय निघाला की किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघतोच, निघायलाच हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराखाली. पंधरा दिवसांनी मी तिथं होतो. भिंती दोन-अडीच फूट रुंद. बाहेर एक थर, आत एक थर, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला आणि भिंतींची पोटं फुटली. वरची माती तर जुना थर न खरवडता वर्षानुवर्षं चढवलेली. हे दोष आहेत, मी ते झाकणार नाही. पण जिथं माळवदाचा भार भिंतीवर नव्हता, लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती बाहेर कोसळल्या आणि खण उभे राहिले. ही गोष्ट ढिगाऱ्याबरोबर उचलून टाकली गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवद म्हणजे मरण, असं मनात बसलं आणि डोक्यावर पत्रा आला. वैशाखात त्या पत्र्याखाली दुपारी बसून बघा.

पण माळवद भूकंपानं जेवढं संपवलं त्याहून जास्त पिकानं संपवलं. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. ते मळणीयंत्रातून थेट पोत्यात आणि पोत्यातून अडतीवर जातं. घरात येतच नाही. मग बळद कशाला, पेव कशाला? खळं गेलं, मेढ गेली. कडबा घटला, बैल विकले, कोठ्यात मोटारसायकल उभी राहिली. गढ्यांची पांढरी माती ट्रॉल्या भरभरून रानात नेऊन पसरली जाते आहे. ज्याला रानात माती हवी आहे त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. मात्र ती उचलण्याआधी कुणी तरी भिंतीची रुंदी मोजून ठेवायला हवी होती, हे मला रात्री झोपू देत नाही.

आणखी एक बांधणी आपण विसरतो. या जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. बांबू वाकवायचे, वर पाचट नाहीतर ताडपत्री, दाराला माणूस वाकून शिरेल एवढी उंची. आतली चूल कुठं मांडायची, वारा कुठून अडवायचा, लेकराची झोळी कशाला बांधायची, हे कोपीतली बाई तासाभरात ठरवते. हीही शेतीचीच इमारत आहे. वाड्याच्या नक्षीदार खांबांवर पुस्तकं निघतात. कोपीचा एक साधा नकाशा मला आजवर कुठल्याही ग्रंथात सापडलेला नाही.

इथं जमलेल्यांत शिक्षक आहेत, वास्तुरचनाकार आहेत, गवंडी आणि सुतारही आहेत. गवंडी-सुतारांना पुढच्या रांगेत बसवा, एवढी माझी विनंती आहे. किलचण कशी बसवतात हे त्यांच्या हाताला माहीत आहे आणि ती पिढी आता सत्तरीच्या पुढची आहे.

उद्या सकाळी इथून जवळच एक सहा खणांचं माळवद उतरवायला घेणार आहेत. मालकांनी दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. मी सात वाजता निघतोय. टेप, कागद आणि बॅटरी घेऊन या. आत बळद आहे आणि त्यात उजेड नाही. खण मोजायला दोघं लागतात.