मूतखडा : कळ थांबल्यानंतर



मूतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला तिचे वर्णन ऐकवण्यात अर्थ नाही, आणि ज्याने सोसली नाही त्याला ते पटायचे नाही. म्हणून मी आज कळेविषयी नव्हे, ती थांबल्यानंतर काय होते याविषयी बोलणार आहे.

माझ्याकडे एक शिक्षक आले होते. वर्षापूर्वी त्यांना कुशीतून जांघेपर्यंत कळ आली. दोन दिवस तळमळले, तिसऱ्या दिवशी गाढ झोपले. ‘खडा पडला’ म्हणून घरात साखर वाटली! वर्षाने भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी झाली, तेव्हा खडा नळीत जिथल्या तिथे होता आणि वरचे मूत्रपिंड फुगून त्याची पातळ पिशवी झाली होती.

हे झाले कसे? मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, पण आतून अवघी ३-४ मिलिमीटर रुंद. तीत खडा अडकला की मागे मूत्र तुंबते. कळ येते ती मुख्यतः या तुंबण्याच्या ताणाने. पुढे कोंडलेले मूत्रपिंड आपले काम मंद करते, ताण उतरतो, कळ शमते. खडा मात्र तसाच राहू शकतो. दुसरे मूत्रपिंड दोघांचे काम उचलते, त्यामुळे लघवीही साफ होते. एक भाऊ अंथरुणाला खिळला आणि दुसरा मुकाट्याने दुप्पट राबू लागला, तर शेजाऱ्यांना काय कळणार?

पुरती कोंडी पंधरवड्यात सुटली तर मूत्रपिंड बहुधा सावरते. दीड महिना उलटल्यावर फारसे हाती लागत नाही. चार मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक आपोआप पडतात, हे खरे. पण पडला की नाही ते पाहावे लागते. लघवी गाळून खडा हाती आला तर उत्तम; तरी तपासणी करून घ्यावी. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर मग हिशेब तासांचा. कोंडलेल्या मूत्रात जंतू वाढून ते रक्तात उतरतात. अशा वेळी आधी नळी घालून वाट मोकळी करायची, खडा मागाहून.

कुळथाचे पाणी प्यावे का, अशी चिठ्ठी आत्ताच पुढे आली आहे. एरवी खुशाल प्यावे. पाणी पोटात जाते हा त्याचा मोठा गुण. पण ऐन कळेत तांब्यावर तांबे रिचवून खडा ढकलायला जाऊ नये. त्याने खडा हलत नाही, मागचा ताण मात्र वाढू शकतो.