औषधांच्या डब्याचं ऑडिट
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा खाली कट्ट्यावर जमलो की गप्पा असायच्या होम लोनच्या हप्त्यांच्या आणि मुलांच्या ॲडमिशनच्या. आता हप्ते फिटले, मुलं आपापल्या मार्गाला लागली, आणि गप्पांचा विषय झाला, "तुम्हाला किती गोळ्या?" बीपीची, शुगरची, थायरॉईडची अशी यादी होते. आणि या सगळ्यांच्या आधी, उठल्या उठल्या, 'पित्ताची'. ती घेत नाही असं घर आपल्या सोसायटीत शोधावं लागेल. म्हणून आज याच गोळीवर बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच दुसऱ्याचे हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे कोणतं औषध घ्या हे मी सांगणार नाही, ते आपापल्या डॉक्टरांना विचारायचं. पण घेतो त्या औषधावर पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत, एवढं सांगायचा प्रयत्न करतो.

सुरुवात शब्दापासून करू. आपण मराठी माणसं 'पित्त' हा शब्द फार सैल हाताने वापरतो. घशाशी आंबट आलं, पित्त. डोकं चढलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तरी पित्तच! खरं पित्त यकृतात तयार होतं. आपली जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. ते वर अन्ननलिकेत आलं की छातीत जळतं, आंबट ढेकर येतात. अंगावरच्या गांधी ही बहुधा ॲलर्जीची बाब, आणि अर्धशिशी वेगळीच. त्यामुळे घरात कोणी "पित्त झालंय" म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, म्हणजे नक्की काय होतंय? चुकीच्या खात्यात भरलेले पैसे जसे उपयोगी पडत नाहीत, तसंच चुकीच्या दुखण्यावर घेतलेल्या गोळीचं आहे.

आता पैशाकडे येऊ. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. खाली बारीक अक्षरात असतं ते औषध. चष्मा लावून ते बारीक अक्षर वाचा. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ईसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल, म्हणजे शेवटी 'प्राझोल' आलं की समजायचं, एकाच घराण्यातली मंडळी. यातलं पहिलं ओमेप्राझोल १९८८ साली स्वीडनच्या कंपनीने बाजारात आणलं. आज त्यावर कुणाची मक्तेदारी राहिलेली नाही, कितीतरी कंपन्या ते बनवतात. म्हणून एकाच औषधाच्या दोन पाकिटांच्या किमतीत एवढा फरक दिसतो.

हे बारीक अक्षर वाचल्याचा पहिला फायदा असा. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या गोळ्यांबरोबर एक 'प्राझोल' दिलेलं असतं, हृदयाच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिनबरोबर दुसरं. नावं वेगळी, रंग वेगळा, आणि आपण दोन्ही इमानाने गिळतो. एकाच कामाला दोनदा पगार! असं दिसलं तर स्वतः एक बंद करू नका, दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरा फायदा. नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'एल' असं अक्षर असलं तर आत बहुधा दोन औषधं असतात. 'डी' म्हणजे डॉमपेरिडोन, 'एल' म्हणजे बऱ्याचदा लेव्होसल्पिराइड. ती मळमळीसाठी आणि पोटाची हालचाल वाढवण्यासाठी. डॉमपेरिडोनमुळे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो आणि तो साठीनंतर जास्त, म्हणून २०१४ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने ते कमी प्रमाणात आणि शक्यतो एक आठवड्याच्या आतच वापरा असं सांगितलं. लेव्होसल्पिराइडने वयस्कर माणसांना हात थरथरणं, चाल मंदावणं असे कंपवातासारखे त्रास होऊ शकतात. नुसती जळजळ असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "मला साधी एकेरी गोळी चालेल का?" चालली तर पैसेही वाचतात आणि जोखीमही.

तिसरी गोष्ट जनऔषधी केंद्राची. २००८ साली केंद्र सरकारने ही योजना सुरू केली, आता तिचं नाव प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना. इथे औषध त्याच्या मूळ नावाने मिळतं, ब्रँडच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. मोबाईलवर 'जनऔषधी सुगम' नावाचं ॲप आहे, त्यात औषधाची किंमत आणि जवळचं केंद्र दोन्ही सापडतं. नातवंडांकडून उतरवून घ्या, तेवढंच त्यांच्याशी बोलणं होईल. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर डॉक्टरांकडून मूळ नाव आणि मिलीग्रॅम लिहून घ्या. २० आणि ४० मध्ये गफलत नको.

बँकेची सवय म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुम्ही आपल्या पाकिटावरचे घाला. रोजची गोळी १२ रुपयांची, तर वर्षाचे झाले ४,३८० रुपये. तीच २ रुपयांना मिळाली तर ७३०. वाचले ३,६५०. नवरा-बायको दोघंही घेत असतील तर दुप्पट. पण थांबा. समजा, डॉक्टरांच्या मते ती गोळी दोनच महिने हवी होती. मग साठ गोळ्यांचे १२० रुपये. म्हणजे सगळ्यात मोठी बचत स्वस्त दुकानात नाही, "ही गोळी मला अजून लागते का?" या प्रश्नात आहे.

आपण बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवतो. दर महिन्याला रक्कम आपोआप वळती होते. ज्या कारणासाठी दिली ते कारण संपतं, तरी रक्कम जातच राहते, कारण थांबवा असं कोणी सांगत नाही. पित्ताच्या गोळीचं बऱ्याच घरांत हेच झालेलं असतं. आमच्या सौ.ना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे वेदनाशामक गोळ्या होत्या, आणि पोट सांभाळायला बरोबर पॅन्टोप्राझोल. वेदनाशामक बंद झाल्या, ही मात्र पाच वर्षं चालू राहिली. एका वार्षिक तपासणीत आमच्या फॅमिली डॉक्टरांनी यादी वरून खाली वाचली आणि विचारलं, "वहिनी, ही कशासाठी घेता?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. रक्तात बी-१२ ही कमी निघालं. ते या गोळीमुळेच असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आमचं घर शाकाहारी आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं हे त्यांनी समजावलं. दीर्घकाळ घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाणही थोडं जास्त आढळलंय. म्हणून ही गोळी वाईट असं नव्हे. गरज असेल तिथे ती उत्तमच आहे. फक्त गरज आहे ना, हे कोणीतरी विचारायला हवं.

आणि आता नीट ऐका, कारण हे ऐकून उद्यापासून कोणी गोळी फेकून देईल अशी मला भीती वाटते. तसं करू नका! अचानक थांबवली की दाबून ठेवलेलं आम्ल उसळी घेतं. २००९ साली डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जळजळीचा त्रास नसलेल्या १२० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे ईसोमेप्राझोल दिलं आणि मग बंद केलं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती, त्यांच्यात १५ टक्के. म्हणजे गोळी थांबवल्यावर जळलं की आपल्याला वाटतं, 'बघा, मला ही लागतेच.' प्रत्यक्षात ती काही दिवसांची उसळी असू शकते. सौ.ना डॉक्टरांनी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड अशी कमी करत आणली. मधले पंधरा दिवस जळजळ झाली, ती पातळ अँटासिडवर निभावली. आता वर्षभर गोळी नाही.

काहींनी मात्र ती कमी करायचा विचारही डॉक्टरांशिवाय करू नये. पूर्वी अल्सर होऊन रक्तस्राव झालेला, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू, सांधेदुखीच्या गोळ्या रोजच्या, किंवा एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा दिसलेल्या, अशांसाठी ही गोळी विम्याच्या हप्त्यासारखी आहे. हप्ता वाचवायला जाल आणि क्लेमच्या वेळी अडकाल.

घ्यायची तर नीट घ्या, कारण चुकीच्या वेळी घेतलेली गोळी म्हणजेही पैसे वायाच. नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर, अख्खी. चावायची नाही, कुटायची नाही, तिच्यावर आवरण असतं ते आम्लातून गोळीला वाचवतं. पोहे खाऊन झाल्यावर आठवण झाली म्हणून घेतली तर तितका गुण येत नाही. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि ईसोमेप्राझोल टाळायला सांगतात, डॉक्टर दुसरं देतात. थायरॉईडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तेही सांगा, कारण आम्ल कमी झालं की ती अंगी कमी लागू शकतात. आणि घरात कुणाकडे जुनं रॅनिटिडिन पडलं असेल तर ते वापरण्याआधी विचारा. त्यात एनडीएमए नावाचा घातक अंश सापडल्यावर अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि २०२२ मध्ये आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळलं. पाण्यात फसफसणारी पावडर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिच्यात सोडियम असतं. बीपी असलेल्यांनी ती रोज घेऊ नये.

बिनपैशाचे उपायही आहेत, आणि ते खरेच लागू पडतात. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. आपली मालिका साडेनऊला संपते म्हणून साडेनऊला जेवायचं आणि दहाला आडवं व्हायचं, हे बंद. रात्री घशाशी येत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचाचे लाकडी ठोकळे लावा. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. तंबाखू, मिश्री सोडा. मिसळ कायमची सोडा असं मी म्हणणार नाही, पण कशाने त्रास होतो ते एका वहीत पंधरा दिवस लिहून बघा. प्रत्येकाचा शत्रू निराळा असतो.

आता पैसे कुठे वाचवू नयेत ते. गिळताना अडकतं, विनाकारण वजन उतरतं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी झालेलं, किंवा साठीनंतर नव्यानेच सुरू झालेली जळजळ, अशा वेळी दुकानातून गोळी आणून थोपवू नका. तडक डॉक्टरांकडे.

आणि छातीतलं दुखणं. आपल्याच सोसायटीतले एक गृहस्थ, नाव घेत नाही, रात्री अकराला छातीत दडपल्यासारखं झालं, घाम आला. ते म्हणाले, "भजी खाल्ली ना, पित्त झालंय," आणि ग्लासात पावडर फसफसवून बसले. सूनबाईंनी ऐकलं नाही. तिने शेजाऱ्यांना उठवलं, गाडी काढली, ईसीजी झाला. हार्ट ॲटॅक होता. आज ते पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून मी हे हसून सांगू शकतो. छातीत दडपण, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यातलं काही असेल तर ते पित्त आहे की नाही हे घरी ठरवायचं नाही. १०८ ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत दुखणं कमी आणि नुसती मळमळ, थकवा असंही होतं. पित्त निघालं तर निघालं, एका ईसीजीचे पैसे गेले. तो खर्च मी कधीच फुकट गेला म्हणणार नाही.

शेवटी कमिटीला एक सूचना. आपण सोसायटीच्या हिशेबांचं दरवर्षी ऑडिट करतो, कायद्याने करावंच लागतं. त्याच महिन्यात प्रत्येक घराने औषधांच्या डब्याचंही ऑडिट करावं. एका कागदावर चार रकाने आखा: औषधाचं मूळ नाव, कशासाठी, केव्हापासून, कोणत्या डॉक्टरांनी दिलं. मुदत संपलेली बाजूला काढा. 'कशासाठी' या रकान्यात ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही, त्यावर पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. त्याची एक प्रत फ्रिजवर लावा. रात्री-अपरात्री मुलं परगावी असताना शेजाऱ्याला तीच कामाला येते.

कोणाला कागद आखायला, बारीक अक्षर वाचायला अडचण असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. चहा ज्याने त्याने घरून पिऊन यावं, आणि रिकाम्या पोटी पिऊ नये!