जरीद्यातील तारीख



कायदा मोडणारा राजा लोकांच्या ध्यानात राहतो. कायदा तसाच ठेवून त्याचा अंमल थांबविणारा सहसा राहत नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सने १६८७ मध्ये धर्मविषयक दंडाचे कायदे केवळ जाहीरनाम्याने तहकूब केले. पुढच्याच वर्षी त्याला देश सोडून पळावे लागले आणि १६८९ च्या हक्कांच्या सनदेने पार्लमेंटच्या संमतीवाचून कायदा तहकूब करण्याची सत्ता बेकायदा ठरविली. निजामी हैदराबादेत हा वाद उपस्थित होण्याचे कारणच नव्हते. फर्मान हाच कायदा, आणि त्याच्या विरोधी असलेल्या इतर कायद्यांवर त्याचीच मात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली एका पायगा उमरावाच्या वारशाच्या दाव्यात नमूद केले आहे.

फर्मानांचे राज्य गेले. तहकुबी मात्र निराळ्या वेषात राहिली. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा तेलंगण व मराठवाडा या दोहोंना सारखाच लागू होता. त्यात १९५४ च्या दुरुस्तीने ३८-ई हे कलम आले. सरकारने जरीद्यात (राजपत्राला इकडे हाच शब्द रूढ होता) ज्या प्रदेशासाठी जी तारीख जाहीर करावी, त्या तारखेपासून संरक्षित कुळाकडील जमीन ठरावीक मर्यादेपर्यंत त्याच्या मालकीची व्हावी, अशी ही तरतूद. विधिमंडळाने हक्क दिला, पण तारीख सरकारच्या हाती ठेवली. तेलंगणाच्या बहुतेक भागासाठी त्या तारखेला १ जानेवारी १९७३ उजाडावा लागला.

कुळाच्या दृष्टीने विलंब म्हणजे काय, हे अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुसरो यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसते. १९५१ साली संरक्षित ठरलेल्या शंभर कुळांपैकी तीनचार वर्षांतच सुमारे ४५ तेवढी त्या स्थितीत उरली होती. बाराएकांनी जमीन विकत घेतली होती. कायदेशीर रीतीने निघालेली तीनही भरत नाहीत. बेकायदा हुसकावलेली मात्र २२, आणि ‘स्वखुशीने’ जमीन सोडलेली १७! जमीनदाराच्या वाड्यावर अंगठा उठविणाऱ्या कुळाच्या स्वखुशीचे मोल काय, ते खेडे पाहिलेल्यास सांगायला नको. हे सारे ३८-ई सर्वत्र लागू होण्यापूर्वीचे. पुढची अठरा वर्षे अजून जायची होती.

हीच गोष्ट संविधानाच्याही वाट्याला आली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीतील तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेवर अधिक कडक बंधने घातली, पण अंमलाचा दिवस केंद्र सरकारने नेमावयाचा होता. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ डिसेंबर १९८१ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह बहुमताने, संसदेनेच हा विवेक सरकारवर सोपविला असल्याने न्यायालयाला आदेश देता येत नाही, असे ठरविले. न्यायमूर्ती गुप्ता व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांचे मत विरुद्ध पडले: तारीख नेमण्याचा अधिकार कायदा सोयीने अमलात आणण्यासाठी असतो, तो बेमुदत बासनात ठेवण्यासाठी नव्हे. अल्पमताचाच युक्तिवाद अधिक पटणारा आहे, कारण त्यात संसदेच्या शब्दाला किंमत उरते. त्या कलमाच्या अंमलाची तारीख अद्याप जाहीर झालेली नाही.