भोंगा वाजला तर काय करायचं?

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका सभासदाने केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, सुरक्षेवर चार शब्द बोला. मी आधी माझी चूक कबूल करतो.

७ मे २०२५. देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी मॉक ड्रिल जाहीर झालं होतं. त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. सरकारने सांगितलं ‘ड्रिल आहे’, आपण ऐकलं ‘युद्ध आलं’. ‘तीन दिवस लाईट नाही, पाणी भरून ठेवा’ असा मेसेज मी शहानिशा न करता आपल्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत वरची टाकी रिकामी! तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या. त्या रात्रभर दिवा न लावता बसून राहिल्या. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

१९७१ च्या युद्धात मी नऊ वर्षांचा होतो, गिरगावात चाळीत. ब्लॅकआउट असला की खिडक्यांना काळा कागद. फट राहिली तर खालून हाक यायची, “दुसरा मजला, लाईट बंद करा!” भीती होतीच, पण काय करायचं ते पोरासोरांनाही ठाऊक होतं.

उलट अमेरिकेचं बघा. दहशतवादाच्या धोक्यासाठी त्यांनी २००२ मध्ये पाच रंग ठरवले, हिरव्यापासून लालपर्यंत. देशाची पातळी पिवळ्याच्या खाली कधी आलीच नाही. नारिंगी झालं म्हणजे घराबाहेर पडायचं की नाही, हे रंग कसा सांगणार? लोक थट्टा करू लागले. २०११ मध्ये रंग गेले; धोका कसला, काय करावं आणि सूचना कधीपर्यंत लागू, हे सांगायची पद्धत आली.

आपल्या बोर्डावरही ‘सर्वांनी सतर्क राहावे’ असं वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. कोणी वाचतं का? त्याजागी तीन ओळी लिहूया. भोंगा वर-खाली वाजला तर धोका, सलग एका सुरात वाजला तर धोका टळला. सरकारी सूचना पडताळल्याशिवाय मेसेज पुढे पाठवायचा नाही. आणि प्रत्येक मजल्यावर एकट्या राहणाऱ्यांचं दार कोणी वाजवायचं, त्याचं नाव.

तिसऱ्या मजल्यासाठी माझं नाव लिहा. आजी समोर बसल्या आहेत. आजी, त्या रात्रीबद्दल माफ करा.